कॉन्ट्रास्ट सीटी आणि किडनी: भीती किती, धोका किती

सीटी स्कॅनच्या काउंटरवर पैसे भरले की हातात संमतीपत्र येतं. त्यात बारीक अक्षरांत एक ओळ असते: या कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनमुळे मूत्रपिंडाच्या कार्यावर परिणाम होऊ शकतो. ती ओळ पेशंटच्या आधी सोबतच्या माणसाला दिसते आणि फोनाफोनी सुरू होते. कोणाच्या तरी ओळखीतल्या माणसाची 'डाय दिल्यावर किडनी गेली' असते. कोणी म्हणतं, साधा स्कॅन करा, ते इंजेक्शन नकोच. पेशंटला मधुमेह असेल आणि क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा कचरा) थोडं वर असेल, तर घरातल्यांचा जीव आणखी खालीवर होतो. मग तपासणी पुढे ढकलली जाते, किंवा इंजेक्शनशिवाय उरकली जाते.

या भीतीला आधार होता. पण ज्या औषधांमुळे ती पसरली ती आता जवळपास वापरात नाहीत, आणि ज्या अभ्यासांनी ती पक्की केली त्यांच्यात एक मोठी उणीव होती. आज जी माहिती हाताशी आहे ती असं सांगते: किडनीचं काम बऱ्यापैकी चालू असलेल्या माणसाला शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टचा धोका जवळजवळ नाही. किडनी फारच अशक्त झालेल्या माणसाला तो आहे, पण त्यालाही तपासणीची खरी गरज असेल तर दार बंद नाही. हे नीट समजून घेतलं तर काउंटरवरचा गोंधळ बराच कमी होईल.

आधी हे औषध करतं काय ते पाहू. एक्स-रे आणि सीटीत हाड पांढरं दिसतं, हवा काळी दिसते, पण रक्तवाहिनी आणि तिच्या शेजारचा मांसल भाग जवळपास एकाच करड्या छटेचे असतात. आयोडीनचा अणू जड असतो, तो एक्स-रे अडवतो. म्हणून आयोडीन घट्ट बांधलेलं द्रावण शिरेत सोडलं की जिथे रक्त जातं तो भाग उजळतो. फुफ्फुसातली गुठळी, यकृतातली गाठ, पोटातला गळू, आतड्याचा तुटलेला रक्तपुरवठा हे सगळं त्या उजेडात कळतं.

प्रत्यक्षात ते असं घडतं. हाताच्या शिरेत कॅन्युला लावतात, तिला यंत्रावरच्या पंपाची नळी जोडतात. तंत्रज्ञ बाहेरून बटण दाबतो आणि साधारण ८० ते १०० मिलिलिटर पारदर्शक द्रावण अर्ध्या मिनिटाच्या आसपास आत जातं. घशापासून खाली गरम लाट गेल्यासारखी वाटते, तोंडाला धातूची चव येते, आणि लघवी झाली की काय असा भास होतो. तो भासच असतो. मिनिटभरात सगळं ओसरतं. लोक याला 'रंग' किंवा 'डाय' म्हणतात, पण त्यात रंग नसतो आणि लघवीही रंगीत होत नाही.

हे द्रावण शरीरात कुठे साठत नाही आणि त्याचं पचनही होत नाही. रक्तातून ते किडनीच्या गाळणीत येतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी ठणठणीत असेल तर सुमारे दोन तासांत निम्मं आणि चोवीस तासांत जवळपास सगळं निघून जातं. म्हणजे बाहेर पडायचा रस्ता जवळपास एकच, आणि म्हणूनच काळजीही त्याच अवयवाची.

काळजीचं शास्त्रीय कारणही आहे. किडनीच्या बाहेरच्या थराला भरपूर रक्त मिळतं, पण आतल्या गाभ्यात, जिथे लघवी घट्ट करण्याचं काम चालतं, तिथे ऑक्सिजन मुळातच बेताचा असतो. कॉन्ट्रास्ट तिथल्या बारीक रक्तवाहिन्या काही काळ आकसवू शकतं. नलिकांमधलं पाणी शरीर परत ओढून घेतं, कॉन्ट्रास्ट मात्र तिथेच राहतं आणि दाट होत जातं. त्या दाट द्रावणाचा नलिकांच्या पेशींना थोडा त्रासही होतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे सगळं दाखवता आलं आहे. प्रश्न उरतो तो माणसांचा: आजचं औषध नेहमीच्या मात्रेत दिलं, तर एवढ्याने किडनीचं काम खरोखर बिघडतं का, आणि कोणाचं?

१९५४ मध्ये मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाची मूत्रमार्गाच्या फोटोसाठी कॉन्ट्रास्ट देऊन तपासणी झाली आणि त्यानंतर लघवीच बंद झाली, अशी नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. पुढच्या दशकांत अशा नोंदी वाढत गेल्या. त्या काळची द्रावणं खरोखर जहाल होती. रक्तात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, ज्याला ऑस्मोलॅलिटी म्हणतात, २९०च्या आसपास असतं. त्या जुन्या द्रावणांचं १५०० ते २००० होतं, म्हणजे रक्ताच्या पाच ते सात पट. इंजेक्शन देताना रुग्ण कळवळायचे.

यातून वाट काढली स्वीडनच्या टॉर्स्टन आल्मेन या रेडिओलॉजिस्टने. डोळे उघडे ठेवून समुद्रात पोहताना त्याला जाणवलं, की जास्त खारट पाण्यात डोळे चुरचुरतात आणि बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात तेवढे चुरचुरत नाहीत. दुखण्याचं कारण आयोडीन नसून कणांची संख्या असावी, असा त्याचा तर्क. मग पाण्यात विरघळल्यावर दोन तुकड्यांत फुटणार नाही असा आयोडीनचा रेणू बनवायचा, ही कल्पना त्याने १९६०च्या दशकात मांडली. सुरुवातीला औषध कंपन्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही. शेवटी नॉर्वेतल्या एका कंपनीने घेतली. त्या वाटेने पुढे आयोहेक्सॉलसारखी औषधं आली. आज सीटीला वापरतात त्या द्रावणांची ऑस्मोलॅलिटी साधारण ५०० ते ९०० असते, आणि आयोडिक्सॅनॉल तर रक्ताच्या बरोबरीला आहे. संमतीपत्रावरची ती ओळ वाचताना हा फरक कोणी सांगत नाही, आणि मला तो सांगायलाच हवा असं वाटतं.

आता अभ्यासांमधली उणीव. पूर्वीचे बहुतेक अभ्यास असे होते: कॉन्ट्रास्ट द्यायचं, दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन बघायचं, ते २५ टक्क्यांनी किंवा ०.५ ने वाढलं असेल तर 'कॉन्ट्रास्टमुळे किडनीला इजा' असं लिहायचं. त्यातून बरेच मोठे आकडे यायचे. पण ज्यांना कॉन्ट्रास्ट दिलंच नाही, अशा तेवढ्याच आजारी माणसांचं क्रिएटिनिन त्याच दोन-तीन दिवसांत काय करतं, हे फारसं कोणी पाहत नव्हतं.

ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या जेफ्री न्यूहाऊस आणि सहकाऱ्यांनी पाहिलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रुग्णालयात दाखल असलेले ३२,१६१ रुग्ण होते. यांपैकी कोणालाही कॉन्ट्रास्ट मिळालं नव्हतं. त्यांच्या लागोपाठच्या दिवसांतल्या क्रिएटिनिनच्या नोंदी तपासल्या, तर निम्म्याहून जास्त जणांत २५ टक्के किंवा त्याहून मोठा चढउतार निघाला. यांना त्या आठवड्यात एखादा कॉन्ट्रास्ट सीटी झाला असता, तर कितीतरी जणांच्या कागदांवर दोष त्या इंजेक्शनच्या माथी लागला असता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो ते इथे अक्षरशः लागू पडतं. दाखल झालेल्या माणसाला ताप असतो, जंतुसंसर्ग असतो, उलट्या-जुलाबाने पाणी कमी झालेलं असतं, रक्तदाब घसरलेला असतो, चार अँटिबायोटिक्स चालू असतात. स्कॅनची गरज पडते ती याच माणसाला. क्रिएटिनिन वर जातं तेही याच माणसाचं.

प्रयोगशाळेतला एक साधा हिशेबही लक्षात ठेवा. क्रिएटिनिन ०.८ वरून १.० झालं तर ती २५ टक्के वाढ. एवढा फरक पाणी कमी पिण्याने, आदल्या रात्री भरपूर मटण खाण्याने किंवा लॅब बदलल्यानेही दिसू शकतो. आता सहसा जी व्याख्या वापरतात ती वेगळी आहे: ४८ तासांत ०.३ ची वाढ, किंवा सात दिवसांत दीडपट.

यानंतर तुलना करणारे मोठे अभ्यास सुरू झाले. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने आणि मिशिगन विद्यापीठाने स्वतंत्रपणे हजारो रुग्णांच्या नोंदी घेतल्या. सारख्याच वयाच्या, सारख्याच आजारांच्या माणसांच्या जोड्या लावल्या, एकाला कॉन्ट्रास्ट मिळालेलं, दुसऱ्याला नाही. मेयोच्या अभ्यासात दोन गटांत फरक दिसला नाही. मिशिगनच्या अभ्यासात किडनीचं काम फारच कमी असलेल्यांत फरक स्पष्ट दिसला. या अभ्यासांनाही मर्यादा आहे. किडनीची काळजी वाटणाऱ्या रुग्णाला डॉक्टर आधीच कॉन्ट्रास्ट देत नाहीत, आणि ती निवड कागदावर पूर्णपणे पकडता येत नाही. तरीही दिशा एकच निघते: किडनीचं काम बऱ्यापैकी चालू असेल तर धोका जवळजवळ नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेने आणि तिथल्या नॅशनल किडनी फाउंडेशनने मिळून निवेदन काढलं. शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टमुळे किडनीला अचानक इजा होण्याची शक्यता त्यांनी अशी मांडली: ईजीएफआर ४५ किंवा जास्त असेल तर शून्याच्या जवळ, ३० ते ४४ असेल तर शून्य ते २ टक्के, आणि ३०च्या खाली शून्य ते १७ टक्के.

हा ईजीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते याचा अंदाज. तो क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढतात. इथे आपल्याकडे एक चूक सर्रास होते: लोक नुसतं क्रिएटिनिन धरून बसतात. १.४ आलं की सगळ्यांची भीती सारखीच. पण ईजीएफआर काढायच्या २०२१च्या सूत्रात आकडे घालून पाहा. पस्तीस वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.४ असेल, तर ईजीएफआर साधारण ६७ येतो. बहात्तर वर्षांच्या बाईंचं तेच १.४ असेल, तर तो ४० येतो. रिपोर्टवरचा आकडा एक, किडन्यांची अवस्था निराळी. उलट एखाद्या कृश म्हाताऱ्या आजींचं क्रिएटिनिन १.० 'नॉर्मल' दिसतं, कारण क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं आणि त्यांचे स्नायूच कमी झालेले असतात. म्हणून स्कॅनला जाताना लॅबकडून ईजीएफआर लिहून घ्या, किंवा डॉक्टरांकडून काढून घ्या. काढायला अर्धं मिनिट पुरतं. अपवाद एकच: किडनी नुकतीच बिघडली असेल आणि क्रिएटिनिन रोज चढत असेल, तर या सूत्रावर भिस्त ठेवता येत नाही. अशा रुग्णाला धोक्याच्या गटातच धरतात.

अती काळजीचीही किंमत असते, आणि ती कोणत्याही संमतीपत्रावर छापलेली नसते. मुतखड्यासाठी साधा सीटी पुरतो, मेंदूतला रक्तस्राव बघायलाही पुरतो. पण छातीतली महाधमनी आतून फाटली आहे का, फुफ्फुसात गुठळी अडकली आहे का, आतड्याचा रक्तपुरवठा तुटला आहे का, हे साध्या सीटीत हुकू शकतं, आणि हे तिन्ही आजार थांबायला वेळ देत नाहीत. २००४ मध्ये ग्लेन चेर्टो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हृदयविकाराचा झटका आलेल्या वृद्धांच्या नोंदी तपासल्या. किडनी कमजोर असलेल्यांची अँजिओग्राफी इतरांपेक्षा कमी वेळा झाली होती, गरज असूनही. किडनी वाचवायच्या नादात हृदयाकडे दुर्लक्ष. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडेही 'किडनीचा त्रास आहे' एवढं ऐकून नातेवाईकच तपासणी नाकारतात आणि डॉक्टर वाद न घालता सही घेऊन मोकळे होतात.

हृदयाच्या अँजिओग्राफीचं गणित मात्र थोडं वेगळं आहे. तिथे कॉन्ट्रास्ट धमनीत सोडतात, ते फारसं पातळ न होता किडनीपर्यंत पोहोचू शकतं, आणि स्टेंट घालायचा असेल तर मात्राही वाढते. शिवाय नळी महाधमनीतून जाताना तिच्या भिंतीवरचे कोलेस्टेरॉलचे कण सुटून किडनीत अडकू शकतात. झटक्याने हृदय दमलेलं असेल तर किडनीला रक्तच कमी मिळतं. म्हणून अँजिओप्लास्टीनंतर क्रिएटिनिन वाढल्याचे प्रकार सीटीपेक्षा जास्त दिसतात, आणि त्यातला कॉन्ट्रास्टचा वाटा किती हे वेगळं काढणं अवघड जातं. इथे डॉक्टर द्रावण शक्य तितकं कमी वापरतात, हाच मोठा उपाय.

मग बचावासाठी करायचं काय? पूर्वी ॲसिटिलसिस्टीनच्या गोळ्या किंवा पाण्यात विरघळणारी पावडर देत. २००० साली ८३ रुग्णांवरच्या एका छोट्या अभ्यासाने आशा दाखवली आणि जगभर ती प्रथा पडली. सोडियम बायकार्बोनेटचं सलाईनही लोकप्रिय झालं. पुढे 'प्रिझर्व्ह' नावाच्या मोठ्या चाचणीत अँजिओग्राफी होणाऱ्या सुमारे पाच हजार जोखमीच्या रुग्णांवर दोन्ही उपाय तपासले. निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले: साध्या सलाईनपेक्षा बायकार्बोनेट सरस नाही, आणि ॲसिटिलसिस्टीनचा काही उपयोग नाही.

साध्या सलाईनचं काय? नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट इथे ईजीएफआर ३० ते ५९ असलेल्या ६६० जणांवर चाचणी झाली. निम्म्यांना कॉन्ट्रास्टच्या आधी-नंतर सलाईन दिलं, निम्म्यांना काहीच दिलं नाही. २०१७ मध्ये आलेला निकाल: किडनीला इजा एका गटात २.७ टक्के, दुसऱ्यात २.६ टक्के. उलट सलाईनच्या गटातल्या ३२८पैकी १८ जणांना त्या सलाईनचाच त्रास झाला. म्हणून आता सरसकट सगळ्यांना सलाईन लावत नाहीत. ईजीएफआर ३०च्या खाली असेल किंवा किडनीला अचानक इजा झालेली असेल, तर स्कॅनच्या तासभर आधीपासून नंतरच्या काही तासांपर्यंत सलाईन देतात. हृदय कमजोर असेल तर तिथेही जपून, कारण जादा पाणी फुफ्फुसात साठतं.

घरच्या पातळीवर करण्यासारखं थोडंच, पण कामाचं आहे. अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या किडनीचा रक्तप्रवाह कमी करतात. त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा आणि विचारून थांबवा. चिठ्ठीवर लिहिलेल्या नसतात म्हणून या गोळ्या सांगायच्या हमखास राहून जातात. 'उपाशीपोटी या' याचा अर्थ लोक पाणीही नाही असा घेतात आणि वैशाखाच्या उन्हात आदल्या रात्रीपासून कोरडे राहून येतात. आजच्या कॉन्ट्रास्टसाठी उपाशी राहायची गरज नाही, असं युरोपियन रेडिओलॉजीची मार्गदर्शक तत्त्वंही म्हणतात. पोटाच्या काही तपासण्यांना किंवा भूल द्यायची असेल तर पथ्य वेगळं असतं, म्हणून 'पाणी चालेल का?' हा प्रश्न अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. पाण्यावर बंधन असलेल्या हृदयरोग्यांनी मात्र आपल्या मनाने जास्त पाणी पिऊ नये.

मधुमेहाची मेटफॉर्मिन किडनीला इजा करत नाही. पण किडनी अचानक मंदावली तर ती रक्तात साठते आणि क्वचित रक्तातलं आम्ल वाढवते. अमेरिकन शिफारशींनुसार, ईजीएफआर ३०च्या वर असेल, किडनीला ताजी इजा नसेल आणि कॉन्ट्रास्ट शिरेतून द्यायचं असेल, तर ती बंद करायची गरज नाही. ईजीएफआर ३०च्या खाली असेल, किडनी नुकतीच बिघडली असेल किंवा धमनीतून अँजिओग्राफी असेल, तर ४८ तास थांबवून, क्रिएटिनिन पुन्हा पाहून सुरू करतात. बऱ्याच सेंटरवर अजून सगळ्यांनाच दोन दिवस थांबवायला सांगतात. त्याने मोठं नुकसान होत नाही, पण तेवढ्यात साखर भरकटू देऊ नका.

आता एमआरआय, कारण तिथेही 'कॉन्ट्रास्ट'च म्हणतात आणि लोक दोन्ही एकच समजतात. एमआरआयमध्ये आयोडीन नसतं, गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. नेहमीच्या मात्रेत तो किडनीला इजा करत नाही, पण किडनी बंद पडलेली असेल तर तो शरीरात रेंगाळतो, आणि धोका तिथे असतो. १९९७पासून काही डायलिसिसच्या रुग्णांची कातडी लाकडासारखी कडक होऊ लागली, सांधे आखडू लागले. कारण कळेना. २००६ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रोब्नर या डॉक्टरांनी लिहिलं, की गॅडोलिनियम देऊन एमआरआय झालेल्या त्यांच्या नऊ डायलिसिस रुग्णांपैकी पाच जणांना हा आजार झाला. त्याच वर्षी डेन्मार्कमधूनही तशाच नोंदी आल्या. जुन्या औषधांत धातूभोवतीची रासायनिक पकड सैल होती, आणि तो सुटून पेशींत शिरत होता. नव्या औषधांत रेणू धातूला सगळीकडून कड्यासारखा वेढतो. त्यांच्यामुळे हा आजार होण्याचं प्रमाण नगण्य आहे, ईजीएफआर ३०च्या खाली असतानाही. जुन्यांपैकी काही औषधं युरोपात २०१७ मध्ये थांबवली गेली. किडनीचा आजार असेल तर सेंटरला 'कुठलं गॅडोलिनियम वापरणार?' एवढं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

दोन प्रश्न वारंवार येतात. पहिला, डायलिसिसवर असलेल्यांचं काय? लघवी पूर्ण बंद असेल तर आयोडीनच्या कॉन्ट्रास्टने बिघडायला किडनीचं काम उरलेलंच नसतं, आणि स्कॅननंतर तातडीने जादा डायलिसिस करायचीही गरज नसते; ठरल्या दिवशीचं पुरतं. थोडी लघवी होत असेल तर ते काम जपायचं असतं, म्हणून डॉक्टर ३०च्या खालच्या माणसासारखीच काळजी घेतात. दुसरा, किडनी एकच असेल तर? आईने मुलाला किडनी दिलेली असते, किंवा एक काढलेली असते, आणि पुढे आयुष्यभर कॉन्ट्रास्टला नाही म्हटलं जातं. किडनी एक की दोन यावर हा निर्णय ठरत नाही, ईजीएफआरवर ठरतो. एका किडनीवर ईजीएफआर ६५ असेल, तर त्या आईचा कॉन्ट्रास्ट सीटी इतरांसारखाच होऊ शकतो.

स्कॅननंतर ज्यांचा ईजीएफआर चांगला आहे त्यांना पुन्हा रक्त तपासायची गरज नाही. धोक्याच्या गटातल्यांनी दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन करावं. इजा झालीच तर ते वाढत साधारण तीन ते पाच दिवसांत सगळ्यात वर पोहोचतं आणि बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत खाली येतं. त्या दिवसांत लघवी एकदम कमी झाली, पायावर सूज आली किंवा धाप लागली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. जाताना स्कॅनच्या आधीचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट न्यायला विसरू नका, कारण जुना आकडा समोर असल्याशिवाय नवा वाढलाय की नाही हे डॉक्टरांना ठरवता येत नाही.